सगळ्यात वरच्या मजल्यावरचं नवं घर: एसीचं टनेज शेवटी ठरवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलुंड पूर्वेला पुनर्विकास झालेल्या सात मजली इमारतीत सगळ्यात वरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, डोक्यावर थेट गच्ची, ताबा दोन-तीन महिन्यांत. आईची खोली साधारण दहा बाय बाराची, पश्चिमेला, आणि आईंना दमा. जर्मनीतले मेहुणे सांगतात की घराला आतून सगळीकडे इन्सुलेशन करा आणि थंडी-उन्हाळा दोन्हीला चालेल अशी एकच सिस्टिम बसवा. एसीचा दुकानदार म्हणतो, वरचा मजला आहे, बेडरूमला दीड टन आणि हॉलला दोन टन घ्या. इंटिरियरवाला म्हणतो, पीओपीचं फॉल्स सीलिंग केलं की झालं. तिघांपैकी कुणाचं ऐकायचं?

मी मुंबई-ठाण्यात एसीचं डिझाइन आणि बसवणी करतो. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न एसीचा नाहीच. तो आहे वरच्या स्लॅबचा आणि पश्चिमेच्या खिडकीचा. त्या दोघांचं काय करायचं ते ठरलं की एसी किती टनाचा हे दहा मिनिटांचं काम आहे. लोक नेमकं उलटं करतात: आधी एसी घेतात, मग तो पुरत नाही म्हणून आणखी मोठा घेतात.

मेहुण्यांचा सल्ला खोटा नाही, तो तिथला आहे. तिथे वर्षातले बरेच महिने घर आतून ऊबदार आणि बाहेर गारठा. वाफ आतून बाहेर जायला बघते, म्हणून वाफ अडवणारा थर ते आतल्या बाजूला लावतात. आपल्याकडे ऊनही बाहेरून येतं आणि दमटपणाही बाहेरूनच. मे महिन्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू पंचवीसच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून गार झालेल्या कुठल्याही पृष्ठभागाला बाहेरची हवा लागली की त्यावर पाणी सुटणार, थंड पाण्याच्या बाटलीला सुटतं तसंच. आता खोलीत एसी २३ वर चालू आहे, भिंतीला आतून इन्सुलेशनचं शीट मारलंय आणि वर छान विनाइलचा वॉलपेपर लावलाय असं धरा. बाहेरून आत शिरणारी वाफ त्या वॉलपेपरच्या पाठीमागे अडकते. पावसाळा सरताना कपाटामागचा कोपरा जरा सोडवून बघितला तर मागे काळी बुरशी, आणि वास तर महिनाभर आधीपासूनच येत असतो. दम्याच्या माणसाच्या खोलीत हे म्हणजे आगीतून फुफाट्यात. तेव्हा भिंतींना सरसकट आतून इन्सुलेशन नको, आणि त्या खोलीत विनाइलचा वॉलपेपर तर अजिबात नको. साधा, वाफ जाऊ देणारा रंग लावा.

आता ऊन कुठून येतं ते बघू. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: एकदा मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत ढग असतात, पण एप्रिल-मेमध्ये सगळा मारा आडव्या पृष्ठभागावर, म्हणजे गच्चीवर. १५० मिलिमीटरचा आरसीसी स्लॅब आणि त्यावर आपला नेहमीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, ही जोडी पाण्याला अडवते, पण उष्णतेला फारसं नाही. तिची यू-व्हॅल्यू, म्हणजे एका चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला किती वॅट आत येतात तो आकडा, अडीचच्या आसपास येते. भारत सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने, म्हणजे बीईईने, २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता काढली. तिच्यात छतासाठी हा आकडा १.२ पेक्षा जास्त नसावा असं आहे. म्हणजे साधी कोब्याची गच्ची त्या मर्यादेच्या दुप्पट.

त्यातून कोबा आणि स्लॅब जाड असल्यामुळे उष्णता लगेच खाली येत नाही. दुपारी एक-दोनचं ऊन खाली पोचायला संध्याकाळ होते. मी कुठल्याही वरच्या मजल्यावर गेलो की खिशातला इन्फ्रारेड थर्मामीटर छताकडे धरतो. मे महिन्यात रात्री नऊला, बाहेर तीस अंश असताना, छताची खालची बाजू ३८-३९ दाखवते. एसी हवेचं तापमान मोजतो, हवा २५ झाली की तो खूश. पण पलंगावर झोपलेल्या माणसाच्या अंगावर ते ३९चं छत रात्रभर ऊब सोडत राहतं. म्हणून तो रिमोट उचलून १८ करतो. बिल वाढतं, घाम थांबत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराला फोन जातो की मशीन कमी पडतंय. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

आईंच्या खोलीचा ढोबळ हिशेब देतो. दहा बाय बारा म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर छत. त्यातून उन्हाळ्यात सहाशे-सातशे वॅट खाली येतात. पाच बाय चार फुटांच्या पश्चिमेच्या खिडकीला साधी काच असेल तर चार-साडेचारच्या उन्हात तिच्यातून एकटीतून आठशे-नऊशे वॅट. उरलं ते भिंत, माणसं, पंखा, दाराखिडकीच्या फटींतून येणारी दमट हवा. सगळं धरून संध्याकाळी पाचला तीन किलोवॅटच्या घरात जातं. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, तेही ठरावीक परिस्थितीत मोजलेले. तेव्हा आहे त्या खोलीत एक टनाची दमछाक होईल हे दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. फक्त त्याच्या हातात उपाय एकच असतो, मोठा डबा. छत आणि खिडकी सुधारली तर तोच हिशेब दोन किलोवॅटच्या आत येतो आणि एक टन आरामात पुरतो.

मोठा घेतला तर बिघडलं काय, असं तुम्ही विचाराल. मुंबईत बिघडतं ते पावसाळ्यात. जुलैमध्ये बाहेर २८-२९ अंश असतात आणि आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्के. हवा गार करायचं काम थोडं, पाणी काढायचं काम जास्त. दीड-दोन टनाचं मशीन दहा बाय बाराच्या खोलीत पाच-सात मिनिटांत हवा गार करतं आणि सुस्तावतं. कॉइल पुरेशी गार राहत नाही, त्यामुळे पाणी नीट निघत नाही. खोली गार पण चादर ओलसर लागते, आणि कपाटातले चामड्याचे बूट पांढरे पडतात. इन्व्हर्टर मशीन वेग कमी करू शकतं हे खरं, पण त्यालाही खालची मर्यादा असते. योग्य मापाचं मशीन सलग आणि हळू चालत राहतं, आणि पाणी त्यातच निघतं. दम्यासाठीही मला कोरडी २५-२६ अंशांची हवा आणि पंखा, ओलसर २० अंशांपेक्षा बरी वाटते. औषधपाण्याचं मात्र तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तर पहिलं छत. इथे सगळं अवलंबून आहे ते गच्चीचं काम आज कुठल्या टप्प्यावर आहे आणि सोसायटी किती ऐकते यावर. वॉटरप्रूफिंग अजून चालू असेल तर सोन्याहून पिवळं. वॉटरप्रूफिंगच्या वर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस बोर्ड, म्हणजे उष्णता अडवणारे कडक फोमचे बोर्ड, त्यावर जिओटेक्स्टाइलचं कापड, वर जाळी घातलेला कॉंक्रीटचा पातळ थर आणि शेवटी पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक. एवढ्याने छताची यू-व्हॅल्यू अडीचवरून ०.५ च्या आसपास येते. स्लॅबच तापत नाही, त्यामुळे तो रोज फुगत-आकसत नाही आणि वॉटरप्रूफिंगही जास्त टिकतं. सोसायटीला हे पटवताना एसीच्या बिलाबद्दल बोलू नका, गळतीबद्दल बोला. वरच्या मजल्याच्या एका सभासदाच्या बिलाशी कुणाला देणंघेणं नसतं, पण गच्ची गळली तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते हे कमिटीला चांगलं ठाऊक असतं. बोर्डचं वजन नगण्य आहे. वरच्या कॉंक्रीटचं मात्र आहे, चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जाऊ शकतं. त्यामुळे बिल्डरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी हो घ्या.

गच्चीचं काम होऊन गेलं असेल तर ते फोडायला लावू नका. बिल्डरची वॉटरप्रूफिंगची हमी तिथेच संपते, आणि मग पहिल्या पावसात तो हात वर करतो. अशा वेळी पांढरा परावर्तक रंग हा स्वस्त आणि चटकन होणारा उपाय. नवा असताना तो बराच फरक पाडतो. पण मुंबईचा एक पावसाळा गेला की त्यावर शेवाळ आणि काजळी बसते, म्हणून ऑक्टोबर हीटच्या आधी एकदा आणि मार्चमध्ये एकदा गच्ची घासून धुवायला हवी. काही वर्षांनी नवा हात द्यावा लागतो. हे कोण करणार ते आधी ठरवा, नाहीतर दोन वर्षांत गच्ची पुन्हा काळी. सोसायटी सोलर पॅनेल लावायचा विचार करत असेल तर ते तुमच्या डोक्यावर येतील असं बघा. उंच स्टँडवरची पॅनेलं ही उत्तम सावली असते. पत्र्याची शेडही सावली देते, पण तिला महापालिकेची परवानगी लागते आणि बाजू मोकळ्या ठेवाव्या लागतात. त्या भानगडीत एकट्याने पडू नका.

सोसायटी कशालाच तयार नसेल तर मग खालून. इथे इंटिरियरवाला अर्धा बरोबर आहे. नुसत्या पीओपीच्या सीलिंगने हवेची एक पोकळी मिळते आणि थोडा फरक पडतो, पण ती पोकळीच हळूहळू तापते. सीलिंगच्या आत, स्लॅबला खालून चिकटवून, इन्सुलेशनचे बोर्ड बसवले तरच खरा उपयोग. खालून केलेल्या इन्सुलेशनचा एक फायदा आहे: तुम्ही एसी रात्रीपुरताच लावणार असाल तर खोली लवकर गार होते, कारण अख्खा स्लॅब गार करत बसावं लागत नाही. तोटे दोन. स्लॅब तापायचा तो तापतोच, आणि गळती झाली तर ती दिसत नाही. म्हणून एक पावसाळा उघड्या स्लॅबखाली काढा, कुठे ओल येते का बघा, मगच झाका. साधा पांढरा थर्माकोल वापरायचा असेल तर आग न धरणाऱ्या प्रतीचाच घ्या, तो जिप्सम बोर्डच्या मागे पूर्ण झाका, आणि सीलिंगमधले दिवे त्याला टेकू देऊ नका. सुतार यातलं काही आपणहून विचारणार नाही, तुम्हालाच उभं राहून बघावं लागेल.

दुसरी खिडकी. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, त्याला वरचा छज्जा अडवत नाही. आतला पडदा अडवतो, पण काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. अडवायचं ते काचेच्या बाहेर. ग्रिलच्या आतल्या बाजूला, पण काचेच्या बाहेर, बांबूची चिक किंवा बाहेर चालणारा रोलर ब्लाइंड बसतो का बघा. बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींवर नव्या सोसायट्यांचे नियम कडक असतात, म्हणून आधी विचारा. नाहीच जमलं तर ऊन परतवणारी काच किंवा फिल्म लावा. वाळ्याचे पडदे लावायचे तर लावा, पण कोरडेच. इथल्या दमट हवेत पाणी मारून नागपूरसारखा गारवा येत नाही, दमटपणा तेवढा वाढतो. कूलर मुंबईत चालत नाही तोही त्याच कारणाने.

तिसरी गोष्ट फारसं कुणी विचारत नाही: भिंत कशाची आहे? बऱ्याच नव्या इमारती मायवान पद्धतीने, ॲल्युमिनियमचे साचे लावून, सगळ्या भिंतींसकट आरसीसीत ओततात. काही ठिकाणी बाहेरच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र कॉंक्रीटच्या विटांच्या, असतात. दीडशे-एकशेसाठ मिलिमीटरची आरसीसी भिंत तेवढ्याच एएसी भिंतीच्या तिप्पट-साडेतीनपट उष्णता आत सोडते. साइटवरच्या इलेक्ट्रिशियनला विचारा. साध्या ड्रिलने भोक पडतं की हॅमर लागतो, यावरून तो लगेच सांगेल. मायवान निघाली तर पश्चिमेच्या त्या एका भिंतीला आतून कपाट लावा, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून, हवा खेळेल असं. आणि पलंग त्या भिंतीला टेकवू नका.

मायवानची आणखी एक मेख आहे, ती ताब्याच्या आत सोडवायला हवी. आरसीसी भिंतीला खाच पाडून तांब्याची पाइप दडवता येत नाही, सळ्या उघड्या पडतात. एसीची पाइप आणि ड्रेनसाठी बिल्डरने भिंतीत स्लीव्ह, म्हणजे आरपार नळीची भोकं, ठेवलेत का, नेमके कुठे ठेवलेत, आणि ड्रेनचा पाइप उतार मिळेल अशा जागी आहे का, हे आत्ताच बघून घ्या. बाहेरच्या युनिटची जागाही बघा. काही इमारतींत ती अरुंद शाफ्टमध्ये दिलेली असते, समोरासमोर दोन-दोन युनिटं. एकाची गरम हवा दुसरा ओढतो आणि मेच्या दुपारी दोघंही दमतात.

आता एसी. वरचं छत आणि खिडकी झाली असेल तर आईंच्या खोलीला एक टन, दुसऱ्या बेडरूमलाही एक टन, आणि हॉल स्वयंपाकघराला उघडा असेल तर दीड टन. इन्व्हर्टरच घ्या, आणि स्टार मोजण्यापेक्षा लेबलवरचा आयएसईईआर आकडा, म्हणजे अख्ख्या मोसमात विजेच्या मानाने मशीन किती गारवा देतं तो, बघा, कारण दोन पाच-स्टार मशीनांतही त्यात फरक असतो. ते स्टार कुठल्या काळासाठी वैध आहेत तेही लेबलवर छापलेलं असतं. जुन्या कालावधीचं लेबल असलेला माल सवलतीत गळ्यात मारला जातो, तेवढं बघा. व्हीआरएफ, म्हणजे बाहेर एकच युनिट आणि त्यावर सगळ्या खोल्या, अशी मेहुण्यांची एकच सिस्टिम तुमच्या घराला नको. दोन बेडरूमसाठी तो खर्च वसूल होत नाही, आणि बाहेरचं एक युनिट बंद पडलं की अख्खं घर तापतं.

बसवणी करायला येणाऱ्या पोराला एकच प्रश्न विचारा: व्हॅक्यूम पंप आणलाय का? पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओल पंपाने खेचून काढायची असते. घाईत बरेच जण मशीनमधलाच थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात. मशीन त्या दिवशी गार करतं, पण आत राहिलेली ओल नंतर कॉम्प्रेसर खाते. आजच्या बऱ्याच मशीनांत आर-३२ गॅस असतो आणि तो थोडा ज्वलनशील आहे, म्हणून तो खोलीत सोडणं तर मुळीच नको. आणि दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो असं कुणी सांगितलं तर समजा की कुठेतरी गळतंय. जोड शोधून दुरुस्त करायला लावा. आईंच्या खोलीतलं युनिट पलंगाच्या डोक्यावर नको, पायाकडच्या किंवा बाजूच्या भिंतीवर ठेवा, आणि जाळी पंधरा दिवसांनी धुवा. रिमोट २५-२६ वर ठेवा आणि पंखा चालू. २०२० पासून रूम एसी मुळात २४ वर सेट करूनच येतात, त्याच्या खाली जायची गरज या खोलीत पडू नये.

राहिला थंडीचा प्रश्न. सांताक्रूझला नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. मुलुंड डोंगराला लागून आहे, समुद्रापासून आत आहे, म्हणून तिथे रात्री कुलाब्याहून जास्त गार असतात हे मान्य. तरी त्या थोड्याशा रात्रींसाठी हॉट अँड कोल्ड एसीचे जादा पैसे घालू नका. खिडक्या बंद, पायात मोजे, आणि अगदी वाटलं तर तेलाचा छोटा फिरता हीटर. वरच्या मजल्याला दिवसाचं ऊन मिळतं, तुमचं घर खालच्यांपेक्षा उबदारच राहील. ते पैसे गिझरला लावा. आईंच्या बाथरूमला १५ लिटरचा, दोन किलोवॅटचा, पाच-स्टारचा साठवणीचा गिझर पुरे. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला जेमतेम पाऊण युनिटच्या आत वीज लागते. पाइप गॅस आहे म्हणून गॅसचा गिझर बंद बाथरूमच्या आत लावायचा मोह टाळा. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही आणि माणूस दगावतो.

खर्चाचा क्रम मी असा लावेन: गच्ची, मग खिडकी, मग स्लीव्ह आणि ड्रेन, मग एसी, आणि फॉल्स सीलिंग एका पावसाळ्यानंतर. बजेट अडलंच तर दुसऱ्या बेडरूमचा एसी पुढच्या वर्षावर ढकला, गच्ची ढकलू नका.

टनेज मी अंदाजाने सांगितलंय, कारण तुम्ही खिडकीचं नेमकं माप, भिंतीचा प्रकार आणि गच्चीच्या थरांबद्दल काही लिहिलेलं नाही. बिल्डरच्या आर्किटेक्टकडून गच्चीचं सेक्शन ड्रॉइंग मागा, देतात. ते आणि आईंच्या खोलीच्या खिडकीचा संध्याकाळी साडेचारचा एक फोटो इथे टाका, म्हणजे समोरच्या इमारतीची सावली पडते का तेही कळेल. पडत असेल तर खिडकीचा निम्मा खर्च वाचला.